मिटेलफ्रूच्या बदली

चंद्रप्रकाश धुरीचं नाक शाबूत होतं तोवर त्याने घरात दुसऱ्या कुणाच्या नाकाला किंमत दिली नाही. नाक गेल्यावर त्याने बायकोचं नाक वापरायला घेतलं, आणि किंमत तेव्हाही दिली नाही. रुक्मिणीची गोष्ट खरं तर एवढीच. पण बाई गप्प असली म्हणजे मुकी असते असं नाही, म्हणून पुढचं सांगावं लागतंय.

घर भांडुपला, चढावरच्या एका इमारतीत. चंदूचा बाप गिरणीत बदली कामगार होता. बदली म्हणजे काय, तर पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या मागावर आपल्याला घेणार, सगळे आले तर डबा तसाच घेऊन घरी. बापाचा जन्म दुसऱ्याच्या जागेवर उभं राहण्यात गेला. ते बघून चंदूने मनाशी पक्कं केलं होतं की जगात कुणाच्याही बदली कुणीतरी मिळतोच, आपण फक्त तो बदलीवाला व्हायचं नाही.

तो मुलुंडच्या एका पॅकिंग मशीनच्या कंपनीत फिटर होता. कंपनीने त्याला एकदा शिकायला जर्मनीला धाडलं. लोक तिकडून चॉकलेटं आणतात, घड्याळं आणतात. हा पठ्ठ्या बिअर करायची विद्या घेऊन आला. हॉलमध्ये दुसरा फ्रीज आला, लग्नाच्या जेवणावळीत असतं तसलं स्टीलचं पातेलं आलं. सातूचं पाणी उकळायला लागलं की जिनाभर वास सुटायचा आणि शेजारणी दार वाजवायच्या. "नाचणीचं सत्त्व करतेय म्हणून सांग," चंदू आतून दबक्या आवाजात सांगायचा. रुक्मिणी तसं सांगायची. म्हणजे खोटं बोलायला तिला शिकवलं ते नवऱ्यानेच, हे लक्षात असू द्या.

बिअरचा जीव असतो हॉप्समध्ये. हॉप्स ही एका वेलीची फुलं. वाळवून, दळून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात, सशाला घालतात त्या खाद्यासारख्या दिसतात. कडूपणा त्यांचा आणि वासही त्यांचाच. रुक्मिणीने आयुष्यात बिअरचा घोट घेतला नव्हता, पण भाजीवाल्याकडच्या पालेभाज्या ओळखाव्यात तशी जर्मन हॉप्सची नावं तिला पाठ झाली होती. मॅग्नम म्हणजे तिखट हाताची बाई, चिमूटभर घालायची, दुसऱ्या हॉप्सइतकी घातली तर कडू जहर. टेटनांग सौम्य, मिरीच्या अंगाची. हर्सब्रुकर गवताळ. आणि मिटेलफ्रू म्हणजे घरची लक्ष्मी. चंदू मिटेलफ्रूचं पाकीट उघडायचा तेव्हा देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखा मांडी घालून बसायचा.

"कडूला कुणीही चालतो," तो सांगायचा, "आकडा बघायचा, वजन कमी-जास्त करायचं, झालं काम. वासाला बदली शोधायचा म्हणजे नाक पाहिजे."

ते नाक त्याच्याकडे होतं, खोटं कशाला बोला. अंधेरीला सुबोध म्हणून एक मोठ्या पगाराचा माणूस होता, त्याच्या घरी रविवारी दुपारी घरी बिअर करणाऱ्यांची मंडळी जमायची. घाटकोपरची तेजल यायची, आणखी दहा-पंधरा टाळकी. तिथे एक रीत पडली होती. हॉप्सची गोळी तळहातावर घ्यायची, कोमट पाण्याचा थेंब टाकायचा, दोन्ही हातांनी चोळायची आणि हात चंदूसमोर धरायचे. चंदू डोळे मिटून वास घ्यायचा आणि सांगायचा, ही जुनी, ही ताजी, ह्या मिटेलफ्रूऐवजी हर्सब्रुकर घाल, पण उकळी उतरल्यावर घाल. इंग्रजीत फाडफाड बोलणारी माणसं मालवणी फिटरसमोर प्रसाद घ्यावा तसे हात पसरून उभी. 'गुरुजी' म्हणायचे त्याला. सुबोधला ते सलायचं, पण तोही हात पसरायचा.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि चंदूचं नाक घेऊन गेली. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. फ्रीझरमधली सगळी पाकिटं त्याने एकामागून एक फोडली, तळहात चोळून चोळून लाल केले, आणि शेवटी ओट्याला टेकून लहान पोरासारखा रडला. रुक्मिणीने त्याला पोटाशी धरलं. तेवढं एकदाच त्याने धरू दिलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, वाट बघा. महिने गेले, वर्ष गेलं. त्याच सुमारास कंपनी चाकणला गेली, चंदूला घरी बसवलं. आता त्याच्याजवळ अंधेरीचा रविवार तेवढा उरला होता, आणि तिथे बिननाकाच्या गुरुजीला कोण विचारतंय?

तर त्याने शक्कल लढवली. मंडळींना सांगितलं, "नाक सकाळी उपाशीपोटी खरं बोलतं. पुड्या माझ्याकडे द्या, मी घरी बघून कळवतो." लोकांना त्यात आणखीच थोर काहीतरी वाटलं. आणि सकाळी, चहाच्या आधी, रुक्मिणी ओट्याशी उभी राहून तळहात चोळायची.

"पहिली?"

"पावसाळ्यात जुनी ट्रंक उघडली की येतो ना, तसा."

"अर्दी," म्हणजे मातकट, असं चंदू मोबाइलवर टाइप करायचा. "दुसरी?"

"तुळशीची मंजिरी चुरडल्यासारखा. मागनं जरा मिरी."

"हर्बल, स्पायसी. टेटनांग. चल, तिसरी."

रुक्मिणीची मंजिरी अंधेरीला जाऊन हर्बल व्हायची आणि तिथे चंदूची पाठ थोपटली जायची. बापाचं जे झालं ते आपलं होऊ द्यायचं नाही म्हणणाऱ्याने बायकोला बदलीवर उभं केलं होतं, आणि हिला तर हजेरीसुद्धा नव्हती.

बरं, नाक वापरायचं म्हणजे जपायला नको? गजरा बंद. सुगंधी साबण बंद. डोकं दुखलं तरी बाम लावायचा नाही. गणपतीत धूप आरतीपुरता, तोही खिडकीत. आणि शनिवारी-रविवारी घरात मासे शिजवायचे नाहीत. आता मला सांगा, रविवारी बांगडा तळला जात नाही असं मालवणी घर तुम्ही कुठे बघितलंय? सुका जवळा तर घरातून कायमचा हद्दपार, कारण फ्रीझरमधल्या हॉप्सना वास लागेल. रुक्मिणीने सगळं सोडलं. माणसाची उमेद गेलीय, तर आपण तेवढं करावं, असं तिला मनापासून वाटत होतं. एवढं करून एका रविवारी मंडळी भांडुपला घरी आली आणि तेजलने सहज विचारलं, "वहिनी, तुम्हाला आवडतो का हॉप्सचा वास?" तर चंदू हसत म्हणाला, "हिला? हिला बोंबील आणि फिनेलमधला फरक कळत नाही, हिला काय विचारता!"

सगळे हसले. रुक्मिणी आत जाऊन चहाचं आधण ठेवून उभी राहिली. तेही तिने गिळलं.

जे गिळता आलं नाही ते नंतर झालं. गावी तिची आई गेली. दिवसकार्य उरकून ती परत आली आणि महिनाभराने भावाचा फोन आला, "बाये, आवशीची गोधडी तुका धाडतंय. हय कोण वापरूचा नाय." गोधडी आली. जुन्या लुगड्यांची, हाताने टाचलेली. रुक्मिणीने पुडकं सोडलं आणि आई घरात येऊन बसली. चुलीचा धूर, खोबरेल आणि मशेरी. मरेपर्यंत दात मशेरीने घासणारी म्हातारी त्या गोधडीत जशीच्या तशी होती. दुपारी चंदू लवंडला की रुक्मिणी गोधडीत तोंड खुपसून बसायची. रडायची, पण ते बरं वाटणारं रडणं होतं.

एक दिवस ती नणंदेकडे कांजूरला गेली. संध्याकाळी येऊन बघते तर गोधडी गॅलरीत दोरीवर. वॉशिंग मशीनमधून काढलेली, वर ते निळं सुगंधी पाणी घातलेलं. तिने जाऊन नाक लावलं. लॅव्हेंडर. नुसतं लॅव्हेंडर. कोपरा न् कोपरा हुंगला, शिवणीत नाक घातलं, काही उरलं नव्हतं.

"अहो, हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस ना धूर-तंबाखूचा वास आहे म्हणून," चंदू टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला. "तो वास नाकात बसला की सकाळी तुला हॉप्स कसे कळणार? त्या दिवशी मॅग्नम आणि टेटनांगमध्ये गडबडलीस."

"आईचा वास होता तो."

"मग भावाकडे दुसरी असेल की. ती मागव."

दुसरी मागव! वास गेला म्हणजे काय होतं ते ज्या माणसाला जगात सगळ्यात जास्त ठाऊक होतं, तो हे बोलत होता. रुक्मिणीला त्या क्षणी त्याचा राग आला असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. तिला तो नकोसा झाला. रडायला सुद्धा आलं नाही. तिने गोधडी घडी करून माळ्यावर टाकली आणि भात लावला.

आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच दिवसांत चंदूचं भाग्य उघडायला आलं. अंधेरीला विकी म्हणून एकाचा पब होता, तिथे बिअर तिथल्या तिथेच करायचे. त्याचा बिअर करणारा माणूस नोकरी सोडून बंगळूरला पळाला होता. तेजलने चंदूचं नाव सुचवलं. विकीने सांगितलं, तुमची ती पिल्सनर, म्हणजे ती सोनेरी जर्मन बिअर, करून दाखवा, चालली तर भट्टी तुमच्या हाती, भिंतीवर तुमचं नाव. पन्नाशी उलटलेल्या, घरी बसवलेल्या माणसाला आणखी काय हवं? चंदू त्या आठवड्यात दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरात बसायला लागला.

घोडं अडलं ते मिटेलफ्रूपाशी. त्या वर्षी ते कुठेच मिळेना. कडूपणाचं चंदूने मॅग्नमवर भागवलं, तो नुसता हिशोब होता. वासाला मात्र बदली हवा होता. टेटनांग मिळत होतं, पण मूठभर. हर्सब्रुकर होतं भरपूर. बंद पडलेल्या एका पबचा माल विकीने घाऊकमध्ये उचलला होता, त्यातलं. ही पाकिटं गोदामात किती महिने उन्हाळा खात पडली होती, कुणाला माहीत. हॉप्स थंडाव्यात ठेवले नाहीत तर खराब होतात, आणि खराब झाले की त्यांना घाणेरडा वास मारतो. विकी स्वतः व्रतवाला, दारू विकायचा पण प्यायचा नाही, आणि त्याला सगळेच हॉप्स सारखेच घाण वाटायचे. त्यामुळे त्याला विचारून उपयोग नव्हता.

चंदू पुडी घेऊन घरी आला. सकाळी रुक्मिणीला ओट्याशी उभं केलं. ह्या खेपेला त्याच्या आवाजात चक्क विनवणी होती.

"नीट बघ हां रुक्मे. माल जुना असू शकतो. जुना असला तर घामट मोज्याचा येतो, कुजक्या चीजचा येतो. तसा येतोय का सांग. हे बरोबर निघालं तर आपली गाडी लागली रुळावर. नाही तर वाट लागली."

रुक्मिणीने गोळी चोळली. हात नाकाजवळ न्यायचीसुद्धा गरज नव्हती. पावसात भिजलेले बूट आणि मोजे दोन दिवस दप्तरात कोंडून ठेवावेत, तसा भपकारा आला. तिने श्वास आत घेतला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो दोन्ही हात ओट्यावर टेकून, मान पुढे काढून उभा होता.

"गवताचा येतोय," ती म्हणाली. "ताज्या, ओल्या गवताचा. आणि थोडी बडीशेप."

"मोज्याचा नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"अहो, नाही म्हणतेय ना."

चंदूने टाळी वाजवली. "हर्सब्रुकर! मिटेलफ्रूची सख्खी बहीण. झकास!" आणि तो नाचत अंघोळीला गेला. रुक्मिणीने दोनदा साबण लावून हात धुतले. वास गेला नाही. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

पबात मोठ्या टाकीत बिअर चढली. ती थंडाव्यात मुरायला काही आठवडे लागतात. तेवढ्या आठवड्यांत रुक्मिणीला सांगता आलं असतं, आणि तिच्या मनात येतही होतं. माणूस वाईट असला तरी म्हातारपणीचा घास आहे त्याचा, आणि आपलाही, असा विचार तिला जिन्यात, भाजी निवडताना, कुठेही गाठायचा. मधेच एकदा चंदू टाकीतली थोडी बिअर बाटलीत घालून घरी घेऊन आला. बरोबर मोगऱ्याचा गजरा. "घे. एवढं झालं की लाव," म्हणाला. रुक्मिणीला वाटलं, आता सांगून टाकावं. बाटली उघडली तर तोच वास, आता बिअरमध्ये मुरलेला. ती बोलायला तोंड उघडणार तोच चंदू खुशीत सांगायला लागला, "एकदा भट्टी हातात आली ना, की मी एक शिकलेला माणूस ठेवणार. त्यांचं ट्रेनिंग असतं वास घ्यायचं, सर्टिफिकेट असतं. मग तुझी गरज नाही. हे मंजिरी नि ट्रंक ऐकून ऐकून वैताग आलाय मला."

गरज सरो, वैद्य मरो. आणि इथे तर गरज सरायच्या आधीच वैद्याला तिरडीवर बांधत होते.

"छान वास येतोय," रुक्मिणी म्हणाली आणि बाटलीचं बूच लावून टाकलं.

रविवारी दुपारी बिअर उघडायची होती. तोवर दुसऱ्या कुणी चव घ्यायची नाही, अशी चंदूची ताकीद होती, आणि विकीला काय, तो पिणाराच नव्हता. अंधेरीची सगळी मंडळी जमली. भिंतीवर पाटी लागली होती, 'धुरींची पिल्स'. रुक्मिणी चांगली साडी नेसून, मोगऱ्याचा ताजा गजरा माळून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. चंदूने छोटंसं भाषण केलं. "मिटेलफ्रू मिळालं नाही म्हणून मी रडत बसलो नाही. हर्सब्रुकरला आणलं. बदलीवाला कधी कधी कायमच्या माणसापेक्षा सरस निघतो, फक्त निवडणाऱ्याला नाक पाहिजे!" टाळ्या पडल्या. ग्लास भरले. सोनेरी रंग, वर पांढरा फेस, दिसायला एक नंबर.

पहिला घोट सुबोधने घेतला आणि तो थांबला. तेजलने घेतला आणि टिश्यू तोंडाशी धरला. मागून कुणीतरी "शी!" म्हणालं. कुणीतरी ग्लास नाकाशी नेऊन लांब धरला. चंदूचं लक्ष नव्हतं. त्याने स्वतःचा ग्लास उचलून अर्धा रिकामा केला, ओठांवरचा फेस पुसला आणि डोळे मिटले.

"बघा," तो म्हणाला, "ओलं गवत. मागून बडीशेप. आली का?"

एक जण फस्सकन हसला. मग दुसरा. "गुरुजी, मोजे कुठल्या शाळेचे आहेत?" असं मागून कुणी विचारलं आणि मग आवरेना. चंदूही आधी हसला, त्याला वाटलं काहीतरी गंमत चाललीय. हसता हसता त्याने सगळ्यांचे भरलेले ग्लास टेबलावर परत ठेवलेले बघितले आणि त्याचा चेहरा उतरला.

सुबोध हुशार माणूस. त्याने हिशोब जुळवला. सकाळची पुडी, उपाशीपोटी नाक, घरून येणारे मेसेज. "चंदू," तो गोड आवाजात म्हणाला, "तुला वास येत नाही?"

"सर्दी झालीय."

"मग सर्दी उतरलीय का बघू या." आणि सुबोधने बारवरचा नॅपकिन घेऊन मागून त्याच्या डोळ्यांवर बांधला. पोरं आंधळी कोशिंबीर खेळताना बांधतात तसा. चंदूने तो ओढून का काढला नाही? कारण काढला तर कबूल केल्यासारखं झालं असतं. तो ताठ उभा राहिला. तेजल म्हणाली, "बस ना सुबोध," पण हसत होती आणि हातात मोबाइल वर धरला होता. सुबोधने काउंटरमागून फिनेलची बाटली मागवली, झाकण काढलं आणि चंदूच्या नाकाखाली धरली.

"सांगा गुरुजी, कुठला हॉप?"

चंदूने वास घेतला. खोल, छाती भरून, पूर्वी घ्यायचा तसा. फिनेलचा वास कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत पोचला. आणि मग डोळे बांधलेला तो माणूस, ज्याने आजवर चार माणसांत बायकोचं नाव काढलं नव्हतं, हलकेच मान वळवून म्हणाला, "रुक्मे?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आता सगळ्यांनाच कळलं होतं. ती म्हणाली असती की पुरे झालं, तर संपलं असतं. उठून पट्टी सोडली असती, घरी चला म्हणाली असती, तरी संपलं असतं. इतका वेळ मी तिच्या बाजूने बोलतोय, पण इथे मला तिची बाजू घेता येत नाही.

"टेटनांग," रुक्मिणी म्हणाली.

चंदूच्या चेहऱ्यावर केवढा जीव आला! छाती पुढे काढून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "टेटनांग! ताजं टेटनांग आहे हे!"

हसणं असं फुटलं की बाहेर रस्त्यावरची माणसं आत डोकावून बघायला लागली. सुबोध पोट धरून खाली बसला. चंदूने पट्टी काढली, नाकाखालची पांढरी बाटली बघितली, आणि मग कोपऱ्यात बघितलं. रुक्मिणीने नजर चुकवली नाही. विकी तेवढा हसत नव्हता. सगळी टाकी गटारात सोडावी लागणार, हे त्याला दिसत होतं. त्याने तिथल्या तिथे पाटी उतरवून उलटी करून भिंतीला टेकवली.

परत येताना रिक्षा जेव्हीएलआरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडली होती.

"तुला आला होता वास," चंदू म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

"हो."

"मोज्याचा."

"हो."

का, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, तिची तयारी होती. पण त्याने रिक्षाबाहेर तोंड केलं आणि रुक्मिणीच्या लक्षात आलं की ह्याला कारण सुचतसुद्धा नाहीये. एवढ्या मोठ्या बदल्यातलं अर्धं समाधान तिथेच गेलं.

चंदू अंधेरीला परत गेला नाही. हॉलमधला फ्रीज विकला, पातेलं भंगारात दिलं. तो आरडाओरडा करेल, हात उगारेल, असं रुक्मिणीला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. झालं ते वेगळंच. दूध नासलंय का, हे तो तिला विचारेना, वाण्याकडे घेऊन जायचा. शर्ट घामट झालाय का, हे लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला विचारायचा. तिने सांगितलं, आमटी आंबलीय, नका खाऊ, तर तिच्या तोंडाकडे बघत बघत वाटी संपवली आणि रात्रभर उलट्या काढल्या. तिने शपथा घेतल्या, देव्हाऱ्यावर हात ठेवला. रविवारी पुन्हा बांगडे तळले जायला लागले, गजरा डोक्यात यायला लागला, आता तिला कुणी काही मना करत नव्हतं. बांगडा ती एकटी खायची. घरात तिच्या नाकाला मोकळीक होती, आणि तिच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती.

परवा सकाळी ती पूजेची फुलं घेऊन वर आली आणि दार उघडताच तिला गॅसचा वास आला. साधासुधा नाही, घर भरलेलं. चंदू चहासाठी पातेलं ठेवून ओट्याशी उभा होता, हातात लायटर.

"अहो, पेटवू नका! गॅसचा वास येतोय!" ती ओरडली. फुलं खाली पडली.

चंदूने वळून तिच्याकडे बघितलं. लायटर खाली ठेवला नाही, पेटवलाही नाही. "येतोय का?" तो म्हणाला. "मघाशी खाली जाताना नव्हता येत?"

"अहो, देवाशपथ येतोय! बाहेर या, तुमच्या पाया पडते."

तो तसाच उभा राहिला. मग लायटर हातात घेऊनच तिच्या बाजूने निघून दाराबाहेर गेला आणि शेजारच्या सोनूबाईंची कडी वाजवली. रुक्मिणी धावत जाऊन खिडक्या उघडत होती, गॅसच्या नळीचा खटका बंद करत होती. सोनूबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"जरा आमच्या घरात वास घ्या हो," चंदू म्हणाला. "गॅसचा येतोय का बघा."

"अगंबाई, इथपर्यंत येतोय की! केवढा भपकारा!" सोनूबाईंनी नाकाला पदर लावला. आत खिडकीशी उभ्या असलेल्या रुक्मिणीकडे बघून त्यांना नवल वाटलं. "वहिनी तर घरातच आहेत. त्यांना नाही आला का वास?"

"तिला येतो," चंदू म्हणाला, आणि आता कुठे त्याने लायटर खिशात टाकला. "पण तिला विचारून काय करू?"